जॅकेटच्या टॅगवरचं हिरवं पान: किती खरं, किती रंगवलेलं?

पाचवा_मजला
नमस्कार मंडळी. डिसेंबरात केदारकंठाला जातोय. पन्नाशी गाठायच्या आत एकदा बर्फ बघायचाच, असा घरात ठराव झालाय. त्यासाठी परवा ६,८०० रुपये मोजून जॅकेट आणलं. घरी येऊन टॅग वाचायला घेतला आणि टॅगच माझ्यापेक्षा जास्त बोलतोय असं वाटलं. खाकी जाड पुठ्ठा, सुतळीने बांधलेला. एका बाजूला हिरवं पान आणि 'इको-फ्रेंडली', 'पृथ्वीसाठी चांगलं', 'पीएफओए-मुक्त', 'रिसायकल्ड धाग्यांपासून'. दुसऱ्या बाजूला ट्वीडचा कोट घातलेला, कुऱ्हाडीला टेकून उभा असलेला जुना गिर्यारोहक, आणि खाली 'आद्य आरोहकांच्या वारशातून'.

दोन प्रश्न आहेत. एक, या चार शब्दांचा नेमका अर्थ काय? दोन, ते ट्वीडवाले आजोबा खरंच पर्यावरणप्रेमी होते का, की बिचाऱ्यांना उगाच ओढलंय? जॅकेट परत करायला आठ दिवस आहेत.

मावळतीचा_मोर
सुतळी ज्यूटची असेल तर तेवढी पर्यावरणपूरक आहे. सुतळी ठेवा, जॅकेट परत करा. (दिवे घ्या)

रविवारची_भाकरी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. जुनी दोरी काका आले की धागा शंभरी गाठणार.

जुनी_दोरी
आलो. भाकरीबाई, पॉपकॉर्न जपून खा, माझा प्रतिसाद मोठा असतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्यातलं मला कळत नाही. आद्य आरोहक पर्यावरणाचा विचार करत होते का? बहुतेक नव्हते. १९२० च्या दशकात एव्हरेस्टवर गेलेले ब्रिटिश गाबार्डिन, लोकर, रेशीम आणि सुती कपडे एकावर एक चढवून गेले, कारण दुसरं काही नव्हतंच. १९२२ च्या मोहिमेत जॉर्ज फिंचने फुग्याच्या कापडात बदकाची पिसं भरून कोट शिवून घेतला होता. आधी लोक त्याला हसले, मग थंडी वाजायला लागल्यावर त्याच्या कोटाकडे बघायला लागले. आजच्या डाउन जॅकेटचा तो पणजोबा. पण फिंचला पृथ्वी वाचवायची नव्हती, फिंचला वर जायचं होतं.

कचऱ्याचं म्हणाल तर तो तिथेच राहिला. १९२४ च्या मोहिमेतलं ऑक्सिजनचं एक नळकांडं १९९१ मध्ये ईशान्य धारेवर दिसलं आणि १९९९ मध्ये खाली आणलं.

पण एक गोष्ट मात्र खरीखुरी आहे आणि ती तुमच्या टॅगवर असायला हवी होती. ती एका लोहाराची गोष्ट आहे. रात्री निवांत लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

मावळतीचा_मोर
म्हणजे कचरा पाऊणशे वर्षं टिकला की त्याचा वारसा होतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर असा बराच वारसा पडलाय.

यंत्रमाग_इचलकरंजी
पहिल्या प्रश्नाकडे वळतो. एकवीस वर्षं कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये आहे, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे.

'रिसायकल्ड धाग्यांपासून' याचा अर्थ सगळं जॅकेट रिसायकल्ड असा होत नाही. आतल्या शिवणीत पांढरी पट्टी असते, धुण्याच्या खुणांची. ती वाचा. तिथे बाहेरचं कापड, अस्तर आणि भराव वेगवेगळे लिहिलेले असतात. बहुतेक वेळा बाहेरचं कापड रिसायकल्ड पॉलिस्टर, अस्तर नवं आणि भरावही नवा. चेन, बटणं, शिवणीचा दोरा यांचं कुणी काही बोलतच नाही. प्रमाणपत्रांतही फरक असतो. आरसीएस नावाच्या प्रमाणपत्राला किमान ५ टक्के रिसायकल्ड माल पुरतो. जीआरएसचं बोधचिन्ह ग्राहकासमोर लावायचं तर किमान ५० टक्के लागतो, शिवाय रसायनं आणि कामगारांबद्दलच्या अटी. दुकानात दोन्ही टॅग सारखेच हिरवे दिसतात.

आणि हे रिसायकल्ड पॉलिस्टर येतं कुठून? मुख्यतः पाण्याच्या बाटल्यांपासून. बाटलीची पुन्हा बाटली करता येते. बाटलीचं जॅकेट झालं की त्या जॅकेटचं पुन्हा जॅकेट होणं जवळपास नाहीच, कारण त्यात चार प्रकारचं कापड, लेप आणि गोंद एकत्र असतात.

आता 'पीएफओए-मुक्त'. पाणी कापडावर पडून अळवाच्या पानावरून घरंगळतं तसं घरंगळलं पाहिजे, यासाठी कापडाला एक लेप देतात. अळू हे काम मेण आणि बारीक खरबरीतपणावर करतो, आम्ही ते वर्षानुवर्षं फ्लोरिनच्या रसायनांवर केलं. ही पीएफएएस कुटुंबातली रसायनं. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ निसर्गाला सहजी सोडवता येत नाही, म्हणून ती मातीत, पाण्यात, रक्तात साठत राहतात. त्यातलं आठ कार्बनवालं पीएफओए बदनाम झालं, २०१९ मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. मग कारखान्यांनी सहा कार्बनवालं वापरायला घेतलं. तेही त्याच कुटुंबातलं. टॅगवर 'पीएफओए-मुक्त' लिहिलं तर ते शंभर टक्के खरं आहे आणि तरी जॅकेटात पीएफएएस असू शकतं. 'पीएफएएस-मुक्त' असं लिहिलंय का, ते बघा. दोन अक्षरांचा खेळ आहे.

रविवारची_भाकरी
यंत्रमाग, म्हणजे 'आमच्या चिवड्यात शेंगदाणे नाहीत' असं सांगून काजू घालण्यासारखं?

यंत्रमाग_इचलकरंजी
उलट. ज्याला दाण्यांची ॲलर्जी आहे त्याला 'भाजके शेंगदाणे नाहीत' असं सांगून खारे घालण्यासारखं.

पाचवा_मजला
आत्ता पांढरी पट्टी वाचली, मोबाइलचा टॉर्च लावून. बाहेरचं कापड: ५१ टक्के रिसायकल्ड पॉलिस्टर, ४९ टक्के पॉलिस्टर. अस्तर: १०० टक्के नायलॉन. भराव: १०० टक्के पॉलिस्टर. शेवटच्या दोन ओळींत रिसायकल्ड हा शब्दच नाही.

यंत्रमाग_इचलकरंजी
५१. :) वर लिहिलेला ५० चा आकडा पुन्हा वाचा.

आग्रहाचा_लाडू
मला हा सगळा सूर पटत नाही. ५१ टक्के म्हणजे शून्य नव्हे. कंपनीने काही केलं तरी आपण चुका काढायच्या, काही केलं नाही तर दुर्लक्ष करायचं, असं असेल तर उद्या कुणी काही करणारच नाही. साधं जॅकेट घेणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही, पान छापणाऱ्याची मात्र उलटतपासणी. हा कुठला न्याय?

कलम_एकवीस
लाडूराव, न्याय असा की पान छापलंय म्हणून माल महाग विकला जातो. दाव्याचे पैसे घेतले की पुरावा द्यावा लागतो.

वकिली करते, ग्राहकांच्या बाजूने बऱ्याचदा. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात शब्दांची यादीच आहे: क्लीन, ग्रीन, इको-फ्रेंडली, पृथ्वीसाठी चांगलं, नॅचरल, ऑरगॅनिक, कार्बन न्यूट्रल, सस्टेनेबल वगैरे. हे शब्द मोघम वापरता येत नाहीत. नेमकं काय, कुठल्या भागाबद्दल, कशाच्या आधारावर, हे सोबत सांगायचं आणि पुरावा क्यूआर कोड किंवा संकेतस्थळाच्या पत्त्यावर खुला ठेवायचा. दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, की तिच्या एका भागाबद्दल, की फक्त वेष्टनाबद्दल, तेही स्पष्ट करायचं. तुमच्या टॅगवरचे 'इको-फ्रेंडली' आणि 'पृथ्वीसाठी चांगलं' हे दोन्ही त्या यादीतले आहेत. क्यूआर कोड आहे का?

मर्यादाही सांगते. नुसतं हिरवं पान किंवा हिरवा रंग, त्याने फसवणूक होत नसेल तर, या सूचनांत धरलेला नाही. 'आमच्या कंपनीची वाढ शाश्वत तत्त्वांवर होईल' असलं ध्येयवाक्यही सुटतं. पानावर हरकत घेता येणार नाही, पानाखालच्या शब्दांवर घेता येईल. २०१९ च्या कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तक्रार फुकट.

स्वयंपाकघर_दक्षिण
वा, कलमताई, वाचनखूण साठवली.

जॅकेट मला माहीत नाही, पण पिशवीचा अनुभव सांगते. कचऱ्यासाठी 'कंपोस्टेबल' पिशव्या आणल्या, हिरव्या, कोपऱ्यात पान. म्हटलं, ओल्या कचऱ्यासकट थेट बाल्कनीतल्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू. आठ महिन्यांनी ड्रम उपसला. भाज्यांच्या साली, नारळाच्या शेंड्या, गणपतीची फुलं, सगळ्याची काळीभोर माती झाली होती. पिशवी जशीच्या तशी. तिच्यावर छापलेलं पानसुद्धा वाचता येत होतं, म्हणजे ओळखता येत होतं.

मग कळलं की ती पिशवी कारखान्यातल्या कंपोस्टिंगसाठी असते. तिथे ५८ अंशांच्या आसपास उष्णता आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात. माझ्या बाल्कनीत मे महिन्यातही तेवढं नाही, अजून तरी. पिशवीवर मानकाचा क्रमांक होता, केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांकही होता, म्हणजे ती खोटी नव्हती. फक्त कुठे कुजणार ते ठळक लिहिलेलं नव्हतं.

अवांतर: लग्नातल्या हल्लीच्या 'पर्यावरणपूरक पत्रावळी' हात लावून बघा. वर कागद, त्यावर चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा. पळसाच्या पत्रावळीवर कुणाला पान छापावं लागलं नाही.

मावळतीचा_मोर
कलमताई, सरकारचं स्वतःचं चिन्ह पण आहे ना? १९९१ साली आलेलं इकोमार्क. चिन्ह काय, तर मातीचा माठ. गेल्या तेहतीस-चौतीस वर्षांत दुकानात एकदाही दिसलं नाही मला. वस्तूवर माठ नाही, सगळे माठ काउंटरच्या अलीकडे.

कलम_एकवीस
हसले. :) पण खरंय. योजना मागे पडली, कंपन्या फारशा वळल्याच नाहीत. २०२४ मध्ये नव्या नियमांनी ती पुन्हा सुरू केलीय.

ओस्लोतली_उमा
धागा वाचून राहवलं नाही. नॉर्वेत अकरा वर्षं आहे, इथे डोंगरात जाणं म्हणजे आपल्याकडे देवळात जाणं. नोरोना नावाची १९२९ पासूनची कंपनी आहे, डोंगरी कपड्यांत इथे घरोघरी माहीत असलेली. २०२२ च्या जूनमध्ये इथल्या ग्राहक प्राधिकरणाने तिला सांगितलं की तुमची पर्यावरणाची जाहिरात दिशाभूल करणारी आहे. आणि ती होती कशाची? ऑरगॅनिक कापसाच्या टी-शर्टची!

कंपनी हिग नावाच्या मोजमापाचे आकडे दाखवत होती, म्हणजे साध्या कापसापेक्षा या शर्टाचा पर्यावरणावरचा भार इतका कमी वगैरे. प्राधिकरणाचं म्हणणं असं की हे आकडे कच्च्या मालाच्या सरासरीवर काढलेले आहेत, तुम्ही विकताय त्या शर्टाचे नाहीत. ग्राहकाला मात्र वाटतं की हातातल्या शर्टाबद्दल बोलताय. त्याच वेळी एचअँडएमलाही तशीच ताकीद गेली. त्यानंतर हिग चालवणाऱ्या संघटनेने ग्राहकांना दाखवायचे ते आकडे जगभर थांबवले.

लाडूदादा, इथेही तुमच्यासारखाच वाद झाला होता. 'जे प्रयत्न करतायत त्यांनाच का धरता?' पण कुणी खोटं बोललं असं प्राधिकरण म्हणतच नव्हतं. आकडा आणि शर्ट यांची गाठ मारलेली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

गंमत म्हणजे ही संघटना ज्या दोन कंपन्यांच्या पुढाकाराने उभी राहिली त्या वॉलमार्ट आणि पॅटागोनिया. जुनी दोरी काकांचा लोहार म्हणजे बहुतेक पॅटागोनियाचा संस्थापकच ना?

जुनी_दोरी
उमा, तू माझ्या गोष्टीचा शेवट आधीच फोडलास. तरी सांगतो.

इव्हॉन शुईनार. १९५७ साली या पोराने जुनी कोळशाची भट्टी, ऐरण, हातोडे विकत घेतले आणि स्वतःच लोहारकाम शिकला. कशासाठी? तर पिटॉन बनवायला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिटॉन म्हणजे कड्याच्या भेगेत ठोकायची मेख, तिच्या डोळ्यातून कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) आणि दोर जातो. पडलात तर ती मेख धरते. युरोपातल्या मेखा मऊ लोखंडाच्या. एकदा ठोकली की ती तिथेच, काढायला गेलात तर मोडायची. अमेरिकेतल्या योसेमिटीचे कडे एवढे उंच की शेकडो मेखा लागणार, त्या वाहणार कोण आणि त्यांचे पैसे भरणार कोण? वॉरेन हार्डिंग या गिर्यारोहकाच्या टोळीने तिथल्या एल कॅपिटन कड्याच्या 'नोज' वाटेवर रुंद भेगांसाठी जुन्या शेगडीचे पाय कापून मेखा केल्या होत्या, १९५८ मध्ये ती वाट पुरी झाली. त्या भेगेला आजही शेगडीच्या पायांची भेग म्हणतात.

शुईनारच्या आधी जॉन सालाथे नावाच्या स्विस लोहाराने कडक पोलादाच्या मेखा केल्या होत्या. शुईनारने तेच पुढे नेलं, क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद. मेख ठोकायची, मागचा गडी हातोड्याने ती डावी-उजवीकडे हलवून काढणार, पुढच्या भेगेत पुन्हा तीच. दीड डॉलरला एक, युरोपची वीस सेंटला मिळायची. तरी गाडीच्या डिकीतून विकल्या गेल्या. १९७० पर्यंत त्याची कंपनी अमेरिकेत गिर्यारोहणाच्या लोखंडी सामानात सगळ्यात मोठी झाली.

आता नीट बघा. पुन्हा पुन्हा वापरता येणारी वस्तू. आजच्या भाषेत टॅग लावायचा तर 'रियुजेबल', शेजारी पान. आणि त्याच गुणाने कडे खराब झाले. मऊ मेख आत राहायची, भेग तशीच राहायची. कडक मेख चढणाऱ्यांची प्रत्येक तुकडी आली की ठोकली जायची आणि उपटली जायची. दहा वर्षांत केसाएवढ्या भेगांची बोटभर भोकं झाली.

शुईनार स्वतः 'नोज'वर चढून आला आणि त्याला ते डोळ्यांनी दिसलं. मग त्याने आणि त्याचा भागीदार टॉम फ्रॉस्टने ठरवलं की मेखांचा धंदा हळूहळू बंद करायचा. तोच त्यांच्या धंद्याचा कणा होता. १९७२ च्या त्यांच्या कॅटलॉगात सुरुवातीलाच मेखा खडकाची नासाडी करतात असं लिहिलं होतं आणि डग रॉबिन्सन या गिर्यारोहकाचा लांबलचक लेख होता, हातोडा न वापरता कसं चढायचं यावर. पर्याय म्हणजे ॲल्युमिनियमचे चोक, भेगेत हाताने अडकवायचे, हाताने काढायचे. युक्ती मूळची ब्रिटनची. तिथले लोक आधी भेगेत खडे अडकवायचे, मग रेल्वेच्या रुळांजवळ पडलेले नट दोरीत ओवून वापरायला लागले. १९७३ मध्ये 'नोज' हातोड्याशिवाय चढली गेली, ब्रूस कार्सन आणि स्वतः शुईनार.

या पद्धतीला नाव पडलं 'क्लीन क्लाइंबिंग'. कलमताई, तुमच्या यादीतला पहिलाच शब्द. पण इथे त्याचा अर्थ कुणालाही तपासता यायचा: चढून गेल्यावर भेग होती तशी आहे की नाही. क्यूआर कोड लागला नाही.

यंत्रमाग_इचलकरंजी
काका, साष्टांग.

रविवारची_भाकरी
पॉपकॉर्न संपले. ही गोष्ट माहीतच नव्हती. काका, आपल्या सह्याद्रीत काय व्हायचं?

जुनी_दोरी
आमचं काय, आम्ही गरीब. ऐंशीच्या दशकात बाहेरच्या मेखा परवडायच्या नाहीत, मग ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे तुकडे घेऊन ओळखीच्या लोहाराकडे बसायचो. तो विचारायचा, 'एवढं चढून वर काय मिळतं?' मी म्हणायचो, 'वारा.' तो म्हणायचा, 'वारा भाताही देतो.'

आपला खडक बेसॉल्ट, योसेमिटीच्या ग्रॅनाइटसारख्या लांबलचक सरळ भेगा कमी. म्हणून आम्ही बोल्ट मारत गेलो, खडकाला भोक पाडून. कुठे किती बोल्ट मारायचे यावरून भांडणंही झाली. 'आमच्या आधी चढलेल्यांनी चार मारले, तुम्ही अकरा का?' अशी. त्या वेळी पर्यावरण हा शब्द आमच्या तोंडी नव्हता. इभ्रतीचा प्रश्न होता. पुढे रेनहोल्ड मेसनर या नामांकित गिर्यारोहकाने बोल्टविरुद्ध लिहिलेला १९७१ चा लेख वाचला तेव्हा कळलं की आम्ही कट्ट्यावर तेच भांडत होतो. १९७८ मध्ये तो आणि त्याचा जोडीदार पीटर हाबेलर ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढले त्यामागेही तोच हट्ट होता: वाट सोपी करून घ्यायची नाही.

आग्रहाचा_लाडू
काकांची गोष्ट सुरेख, पण अर्धी. त्याच लोहाराची पुढे कपड्यांची कंपनी झाली, पॅटागोनिया. तिने २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सात पानभर जाहिरात दिली, 'हे जॅकेट विकत घेऊ नका'. आणि नंतर खप वाढलाच! मग हा साधेपणा म्हणायचा की जाहिरातीची कमाल? तुम्ही पान छापणाऱ्याला झोडता आणि 'घेऊ नका' छापणाऱ्याला डोक्यावर घेता.

ओस्लोतली_उमा
मुद्दा रास्त आहे. पण त्या जाहिरातीत काय लिहिलं होतं ते बघा. या जॅकेटला १३५ लिटर पाणी लागलं, ते इथे येईपर्यंत सुमारे ९ किलो कार्बन डायऑक्साइड निघाला, म्हणजे जॅकेटच्या वजनाच्या २४ पट, आणि वजनाच्या दोन तृतीयांश कचरा मागे राहिला. कापड ६० टक्के रिसायकल्ड असूनही. स्वतःच्या मालाबद्दल असे आकडे ६,८०० च्या टॅगवर कुणी छापेल का?

आग्रहाचा_लाडू
छापले तरी लोक जॅकेट घेतातच, हाच माझा मुद्दा आहे. कबुली देऊनही माल खपतो.

जुनी_दोरी
लाडू, इथे मी तुमच्याशी सहमत आहे. १९७२ आणि २०११ मध्ये फरक आहे. १९७२ मध्ये त्याने मेखा विकणं कमी केलं. २०११ मध्ये जॅकेट विकणं थांबवलं नाही. पहिल्याचं मला जास्त कौतुक आहे.

स्वयंपाकघर_दक्षिण
मला एक शंका आहे. ट्वीड, लोकर, रेशीम हे तर जैविक ना? म्हणजे तेव्हाचे कपडे आपोआप कुजणारे. त्या अर्थी टॅगवरचे आजोबा पर्यावरणपूरकच की.

यंत्रमाग_इचलकरंजी
ताई, तुमच्या पिशवीचंच उत्तर इथे लागू होतं. कुठे कुजणार?

२०२४ च्या सप्टेंबरात एव्हरेस्टच्या उत्तरेला, मध्य रोंगबुक हिमनदीवर एक बूट सापडला. आत पायमोजा, त्यावर शिवलेली लाल अक्षरांची पट्टी: ए. सी. आयर्विन. १९२४ मध्ये मॅलरीबरोबर गेलेला आणि परत न आलेला सँडी आयर्विन. शंभर वर्षं झाली, मोजा शाबूत, नावाची पट्टीही शाबूत. १९९९ मध्ये मॅलरी सापडला तेव्हाही कपड्यांवरच्या नावाच्या पट्टीवरूनच ओळख पटली होती. लोकर कुजते हे खरं, पण तिथे नाही. बर्फात जीवाणूंचं काम जवळपास थंडच असतं.

धोब्याच्या खुणेसारखी ती पट्टी. मोज्यावर फक्त माणसाचं नाव होतं, दुसरा काही दावा नव्हता.

रविवारची_भाकरी
यंत्रमाग, हे वाचून गप्पच झाले. बावीस वर्षांचा मुलगा होता तो.

घाटवाट_पुन्हा
उशिरा आलोय. लोकर बर्फात टिकते तर पॉलिस्टरचं काय होतं, याचंही उत्तर आहे. २०१९ मध्ये एव्हरेस्टवरून आणलेल्या बर्फाच्या नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. ८,४४० मीटरवर, शिखराच्या खालच्या 'बाल्कनी' नावाच्या जागेपर्यंत, प्लास्टिकचे बारीक धागे सापडले. बर्फात सरासरी लिटरला ३० कण, सगळ्यात जास्त बेस कॅम्पला, ७९. बहुतेक पॉलिस्टर, मग ॲक्रिलिक, नायलॉन, पॉलिप्रॉपिलिन. म्हणजे कपडे, तंबू, दोर. बाटल्या-डबे उचलून खाली आणता येतात. नेपाळने २०१४ मध्ये नियमच केला होता, प्रत्येकाने किमान ८ किलो कचरा खाली आणायचा. जॅकेटातून गळलेले धागे कसे उचलणार?

आणि ते धागे रिसायकल्ड पॉलिस्टरचे असले तरी गळतातच. टॅग त्याबद्दल काही म्हणत नाही.

मावळतीचा_मोर
बाल्कनीत ८,४४० मीटरवर प्लास्टिक, आमच्या दक्षिणताईंच्या बाल्कनीतही प्लास्टिक. बाल्कनी हा शब्दच अपशकुनी दिसतोय.

कॉर्पोरेट_गवळी
हॉटेलात बाथरूममध्ये ती पाटी असते ना, 'टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा'? ग्रीनवॉशिंग हा शब्दच तिथून आला. जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकी माणसाने १९८६ मध्ये त्या पाटीवर लिहिताना वापरला. वाचत होतं धोब्याचं बिल, श्रेय घेत होती पृथ्वी. आमच्या कंपनीच्या ऑफसाइटला लोणावळ्यात तीच पाटी होती, आणि खिडकीबाहेर डोंगर पोखरून केलेला इन्फिनिटी पूल.

कलम_एकवीस
मूळ प्रश्न बाजूला पडलाय. पाचवा मजला, आठ दिवसांतले किती उरले? आणि क्यूआर कोड?

पाचवा_मजला
दोन उरले. क्यूआर कोड आहे. उघडला तर धबधब्याचा व्हिडिओ लागतो, मागे बासरी.

कंपनीला इमेल टाकली होती, तीन प्रश्न: इको-फ्रेंडली कशावरून, पीएफओए नाही तर पीएफएएस आहे का, आणि अस्तर-भराव रिसायकल्ड आहे का. चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'आपल्या पर्यावरणविषयक आस्थेबद्दल आभार. शाश्वतता आमच्या डीएनएमध्ये आहे.' पुढे वीस टक्के सवलतीचं कूपन, पुढच्या खरेदीवर.

मावळतीचा_मोर
डीएनएमध्ये ५१ टक्के.

यंत्रमाग_इचलकरंजी
पीएफएएसबद्दल उत्तर नाही म्हणजे बहुधा आहे. नसतं तर मोठ्या अक्षरात सांगितलं असतं.

कलम_एकवीस
ती इमेल आणि व्हिडिओचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. टॅगचे दोन्ही बाजूंचे फोटो, पांढऱ्या पट्टीचा फोटो, बिल. १९१५ वर तक्रार नोंदवा आणि मागणी नेमकी लिहा: पुरावा द्या नाहीतर शब्द काढा. पैसे परत मागणं वेगळं, ते दुकानदाराकडे आजच करा.

रविवारची_भाकरी
परत करून दुसरं घेणार कुठलं पण? त्यावरही पानच असणार.

जुनी_दोरी
मजलेसाहेब, मला विचाराल तर एक सांगतो. चार दिवसांच्या ट्रेकला भाड्याने मिळतं. केदारकंठाच्या पायथ्याला सांकरीत दुकानं आहेत. नाहीतर कुणाचं तरी घ्या. माझं आहे, १९९६ चं, तुमचं माप काय? चेन अडकते फक्त.

पाचवा_मजला
काका, ४२. आणि खरंच देताय का?

जुनी_दोरी
४४ आहे. आत एक स्वेटर जास्त घाला. चेनचं मात्र काहीतरी बघावं लागेल, मी पाच वर्षं दोरीच्या गाठीवर चालवतोय.

घाटवाट_पुन्हा
चेन बदलू नका, फक्त रनर बदला. रविवार पेठेत बॅगा दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्याकडे डबाभर रनर असतात. जॅकेट घेऊन जा, जागेवर माप लावून बघतात.

पाचवा_मजला
अपडेट: माझं जॅकेट दुकानात परत केलं. दुकानदाराने कारण विचारलं, मी पांढरी पट्टी दाखवली. तो म्हणाला, 'साहेब, ही पट्टी आजवर कुणी वाचली नव्हती.' पैसे दिले. १९१५ वर तक्रारीचा क्रमांक मिळालाय, पुढे काय होतं ते इथे लिहीन.

काकांकडून १९९६ चं जॅकेट घेऊन आलो. निळं, कोपरावर सायकल ट्यूबचं ठिगळ. रविवार पेठेतल्या माणसाने पितळी रनर बसवला, ४० रुपये. त्याने विचारलं, जुना फेकू का? काकांनी परत मागितलाय म्हटलं.

मावळतीचा_मोर
काका, रनर कशाला?

जुनी_दोरी
स्लिपिंग बॅगला बसतो.